फोटोतलं ते ड्रिलिंग मशीन नाही, लेथ आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आमच्या शाळेच्या नव्या कौशल्य कक्षाची बातमी वाचली, रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून लिहायला बसलोय. आधी एक दुरुस्ती. फोटोत पाहुण्यांच्या मागे चंदेरी रंग मारलेलं जे यंत्र दिसतंय त्याला तुम्ही ड्रिलिंग मशीन म्हटलंय. तो लेथ आहे, धातूचा तुकडा गोल फिरवत ठेवून हत्याराने कापायचं यंत्र. 1979 साली नववीत मी त्याच्यावर पहिल्यांदा टर्निंग केलं, तुकडा पकडणारा चक आणि दुसऱ्या टोकाचा आधार, टेलस्टॉक, बघितल्याबरोबर ओळखला. मोटर काढून टाकलीय आणि ज्याच्यावर भाग सरकतात त्या बेडलासुद्धा रंग फासलाय, चालत्या लेथच्या बेडला कोणी रंग लावत नाही, म्हणजे तो शोभेला ठेवलाय. फार वाईट वाटलं बघून.

बातमीत म्हटलंय शाळेत "प्रथमच" व्यावसायिक शिक्षण सुरू होतंय. प्रथमच कसं? आठवी ते दहावी टेक्निकल होतं की आम्हाला. सुतारकाम, फिटिंग, पत्राकाम, वायरिंग, ड्रॉइंग. फिटिंगच्या सरांनी मला माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा दिला आणि म्हणाले चारही बाजू काटकोनात करून आण. दोन महिने तेच करत होतो. कानस मारायची, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की सर एक शब्द न बोलता तुकडा परत हातात द्यायचे. तळहाताला फोड आले, आई म्हणाली नाव काढ त्यातून. पण ज्या दिवशी उजेड दिसला नाही त्या दिवशी सर म्हणाले, "हं, आता मेल-फिमेलला लाग." म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारे दोन तुकडे करायला. पुढे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात तिथे, 38 वर्षं काढली ती त्या तुकड्याच्या जोरावर.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस बिनदप्तराचे दिलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायला. चांगलंच आहे. पण 10 दिवसांत रंधा सरळ धरता येत नाही, पटाशीला धार लावणं तर लांबच राहिलं. पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, त्यांच्या पद्धतीत शाळेच्या मुलांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताने काम करायचं आणि तेही गावाच्या उपयोगाचं. असं दर आठवड्याला, वर्षभर केलं तर हात बसतो. आणि बडोद्याला सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन ही तंत्रशाळा काढली तेव्हा कारागिरी मुलांच्या भाषेत शिकवायचं ठरवलं होतं, तुमच्या फोटोत भिंतीवरच्या पाट्या बघा, एकीवरही मराठी शब्द नाही.

2023 ला रिटायर झाल्यावर मी स्वतः शाळेत गेलो होतो. दर शनिवारी फिटिंग शिकवतो, पैसे नकोत म्हणालो. ऑफिसात अर्धा तास बसवलं आणि सांगितलं, मुलांच्या हाताला लागलं तर जबाबदार कोण, पालक ऐकत नाहीत, आणि वर्कशॉपची आता स्टोअर रूम झालीय. अहो लागणारच हाताला, आमच्या सगळ्यांच्या लागलं, सर जवळ उभे असायचे आणि आयोडीनची बाटली खिडकीत असायची.

अजून एक. फोटोत मुली सगळ्या शिलाई मशीनवर आणि मुलं रोबोटच्या किटभोवती. माझ्या धाकट्या बहिणीने टेक्निकलसाठी किती हट्ट केला तरी तिला शिवणकामच दिलं होतं, तिचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. 45 वर्षांनीसुद्धा तेच? यावर बातमीत एक ओळ नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन लांब बाकांवर मिळून 20 व्हाइस (काम करताना तुकडा घट्ट धरायचे शिकंजे) होते. ते कुठे गेले हे तुमच्या बातमीदाराने शाळेला विचारून छापावं ही विनंती. असतील तर मी अजूनही शनिवारी यायला तयार आहे, कानशी माझ्या मी आणीन.

आपला,
एक माजी विद्यार्थी, चिंचवड
(कृपया नाव छापू नये)