उसाच्या फडातल्या बायका कुठल्या हॅशटॅगमध्ये शोधायच्या?

मा. संपादक,
स.न.

आपल्या पुरवणीत सोशल मीडिया आणि स्त्रीवादी चळवळ यावर जो लेख आलाय तो वाचला. ‘मी टू’बद्दल, म्हणजे लैंगिक छळाविरुद्ध बायकांनी ऑनलाइन बोलायच्या मोहिमेबद्दल लिहिलंय ते पटलं, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बायका एकामागून एक बोलायला लागल्या, आरोप झालेले केंद्रातले राज्यमंत्री एम. जे. अकबर यांना मंत्रिपद सोडावं लागलं आणि आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर त्यांनी टाकलेली बदनामीची केसही २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टात टिकली नाही. हातात फोन नसता तर हे एवढं झालं नसतं, मान्य. पण पुढं जे म्हटलंय की आता चळवळीचा अभ्यास करायचा तर ऑनलाइन काय चाललंय ते बघितलं की चित्र समजतं, ते काही पटेना.

मी बीड जिल्ह्यात राहते. आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही गोष्ट २०१९ ला सगळीकडे गाजली, मग सरकारने डॉ. नीलम गोऱ्हेंची समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. यातल्या किती जणींनी ट्विट केलं होतं? पत्रकार आणि संघटनांच्या बाया पालावर जाऊन बसल्या, विचारत राहिल्या, तेव्हा कुठं कळलं की पाळीत काम जमत नाही, खाडा पडला की पैसे कापतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही आणि साध्या अंगावरून जाण्याच्या तक्रारीलाही डॉक्टर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढा म्हणतो. घरात फोन असतो हो, पण तो नवऱ्याच्या खिशात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७, आणि खेड्यातल्या बायका तर २५ टक्केसुद्धा नाहीत. मग नुसते हॅशटॅग मोजून जो पेपर लिहिला जातो तो नक्की कुणाबद्दल असतो?

दुसरं असं की ऑनलाइनचा माल तरी अभ्यासकाच्या हातात राहतोय का. मथुरा प्रकरण घ्या, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी ठाण्यातच बलात्कार केल्याचं; तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, १९७२ सालची घटना. सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलिसांना सोडलं आणि त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकालपत्र बारकाईने वाचून लिहिलेलं पत्र होतं ते, नुसता संताप नव्हता. त्यातून मोर्चे निघाले, १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला, आणि ते पत्र आजही कुणालाही काढून वाचता येतं. २०१८ च्या पोस्टचं काय? कितीतरी जणींनी भीतीने डिलीट केल्या. ज्या उरल्या त्या कंपन्यांच्या ताब्यात. ट्विटरने २०२३ ला अभ्यासकांना फुकट डेटा देणं बंद केलं, फेसबुकवाल्यांनी पब्लिक पोस्ट शोधायचं क्राउडटँगल हे साधन २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद करून टाकलं, म्हणजे बोलल्या बायका आणि कुलूप लावणार मालक!

आणि एक, पोस्ट पब्लिक आहे म्हणून उचलून प्रबंधात टाकायची ही जी सवय लागलीय ती थांबायला पाहिजे. बाईने रात्री अकरा वाजता मैत्रिणींसाठी लिहिलेलं असतं, ते आठवडाभरात कुणाच्या तरी पीपीटीत तिच्या फोटोसकट दिसतं आणि तिला पत्ताच नसतो. पालावर जाणारी कार्यकर्ती निदान विचारते तरी, बाई लिहून घेऊ का म्हणून.

सोशल मीडियावर लिहू नका असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः तिथं भांडत असतेच. पण विद्यापीठांतल्या स्त्री अभ्यास केंद्रांना गावात जाऊन राहायला पैसे मिळाले पाहिजेत, आणि ज्या बायकांची हरकत नाही त्यांच्या पोस्ट त्यांना विचारून, हव्या असतील तर नाव काढून, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवायची सोय झाली पाहिजे. दोन्ही कामांना खर्च फार नाही.

आपल्या लेखकांनाही एक सुचवते, पुढचा लेख लिहायच्या आधी इकडं या. फक्त दसऱ्याच्या आत या, नंतर टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात आणि बोलायला कुणी सापडत नाही. राहायची-जेवायची सोय आम्ही करू.

आपली एक वाचक,
बीड