चित्र कापताना नेमके हातच का कापले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. काल रविवारच्या पुरवणीतला इस्तंबूलवरचा लेख वाचला आणि ते चित्र रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी चहाच्या आधीच लिहायला बसलोय. लेख चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्रकार वानमूरचं ते सुलतान तिसरा अहमद आणि डच राजदूत काल्कून यांच्या भेटीचं चित्र तुम्ही खालून असं कापलंय की राजदूताच्या छातीखालचं काही दिसतच नाही, आणि खाली ओळ टाकलीय 'सुलतानासमोर दिमाखात उभा डच राजदूत'.

अहो, दिमाख कसला! त्याच्या दोन्ही बाजूंना जे दोघं उभे आहेत ते गर्दीतले नाहीत, दरबारचे अधिकारी आहेत आणि त्यांनी त्याचे दंड धरलेत. भेटीला आलेल्या परक्या राजदूताला तोपकापी राजवाड्यात असंच धरून आत नेत आणि धरूनच बाहेर आणत. अख्खं चित्र त्या हातांवर उभं आहे आणि तुम्ही तेच कापलेत.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. २०१८ मध्ये लेकीकडे ॲमस्टरडॅमला गेलो होतो तेव्हा राइक्सम्युझियममध्ये ही चित्रं पाहिली. नात तेव्हा सहा वर्षांची, बरोबर होती. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मी आपला गालिचा, पलंगासारखं ते सिंहासन, रंग असं बघत बसलो, आणि ती पोरगी एकदम म्हणाली, "आजोबा, याला पकडून का ठेवलंय? याने काय केलं?" मी चष्मा पुसून जवळ गेलो तर खरंच, झग्याच्या बाहीला चुण्या पडल्यात इतकं धरलंय. सहा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते तुमच्या पान लावणाऱ्यांना दिसू नये?

आणि तो झगाही काल्कूनचा स्वतःचा नाही, ती दरबारानं मानाचा पोशाख म्हणून घातलेली खिलत आहे. खिलत म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजवावं लागत नाही, आग्र्याचा प्रसंग आपण शाळेपासून ऐकतोय. १४ सप्टेंबर १७२७ ला काल्कूननं ती अंगावर घेतली, दंड धरू दिले, तेव्हा कुठे सुलतान दिसला. वानमूर १६९९ मध्ये ज्या फ्रेंच राजदूताबरोबर इस्तंबूलला आला त्या फेरिओलनं तलवार काढून ठेवायला नकार दिला तर त्याला दारातून परत जावं लागलं, भेट झालीच नाही. म्हणजे तिथे कोणाच्या अटी चालत होत्या हे चित्रकाराला पुरेपूर माहीत होतं. शेजारच्याच चित्रात राजदूताची मिरवणूक राजवाड्याच्या दुसऱ्या चौकातून चाललीय आणि सुलतानाचे जानिसारी शिपाई पुलावाच्या भांड्यांवर तुटून पडलेत, तेही पाहुण्यांनी बघावं म्हणूनच. हे सगळं सोडून 'दिमाखात' एवढं एकच सुचावं याचं वाईट वाटतं.

आणखी एक. वानमूर डच नव्हे. त्याचा जन्म १६७१ चा, व्हालॉन्सिएनचा, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश नेदरलँड्समधला, आणि आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं काढून तो १७३७ मध्ये इस्तंबूललाच वारला. शिवाय त्याचं नाव एकाच पानावर एकदा 'व्हॅनमॉर' आणि एकदा 'वानमूर' छापलंय, छापण्याआधी कुणी वाचत नाही का?

नात आता चौदा वर्षांची आहे, मराठी अडखळत वाचते, तिला हे कात्रण पाठवायचं म्हणून मी कात्री घेऊन बसलो होतो आणि हात कापलेले बघून कात्री खाली ठेवली. येत्या रविवारी ते चित्र पूर्ण छापा, अर्धं पान लागलं तरी चालेल, आणि खालची ओळ बदला. मी दोन अंक घेईन.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त चित्रकला शिक्षक), सांगली