नॉर्वेजियन नावांचा आधी सांधा शोधा

संपादक महोदय,

नॉर्वेचा पुरुष फुटबॉल संघ 1998 नंतर पहिल्यांदाच विश्वचषकासाठी पात्र ठरला आणि आपल्या क्रीडा पानावर नॉर्वेजियन नावांची रीघ लागली. वाचून बरे वाटते. पण संघाचा कर्णधार सोमवारी 'ओडेगार्ड' असतो, गुरुवारी 'ओडगार्ड' आणि रविवारच्या पुरवणीत 'ऑडीगार्ड'. मी द्रामेनमध्ये राहते, वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात परिचारिका आहे. कर्णधार याच गावचा, त्यामुळे तक्रार जरा हक्काने करते आहे.

नाव एक कुठले तरी ठरवा, एवढेच माझे म्हणणे नाही. ते कसे ठरवायचे, याची एक सोपी रीत आहे. नॉर्वेजियन भाषेत शब्दाला शब्द जोडून लिहितात, मध्ये जागा सोडत नाहीत. वाचणाऱ्याने आधी सांधा शोधायचा, मग तोंड उघडायचे. कर्णधाराच्या आडनावात 'ओदे' म्हणजे ओसाड आणि 'गोर' म्हणजे शेतवाडी. 1349 साली प्लेग नॉर्वेत पोचला, माणसे गेली, वाड्या ओस पडल्या. तशा वाडीचे हे नाव. 'गोर'च्या शेवटी लिहिलेला डी कोणी उच्चारत नाही. आधीचे दोन ए म्हणजे जुन्या पद्धतीने लिहिलेला 'ओ'. त्याच्यासाठी डोक्यावर गोल असलेले वेगळे अक्षर 1917च्या लेखनसुधारणेत आले, आडनावांत जुने रूप राहून गेले. तेव्हा 'ओदेगोर'. (पहिला ओ आपला नव्हे. 'ए' म्हणताना ओठांचा चंबू करा, जमेल.) हीच किल्ली आघाडीपटू हालांडला लावली की 'होलान' मिळतो. प्रशिक्षक सोलबॅकन नव्हेत, 'सूल-बाकन': सूल म्हणजे सूर्य, बाकन म्हणजे चढण.

सांधा चुकला तर काय होते, ते फुटबॉलच्याच शब्दावरून सांगते. दोन देशांमधल्या सामन्याला 'लान्सकाम्प' म्हणतात आणि निसर्गदृश्याला 'लान्सकाप'. लिहिताना फरक एका एम या अक्षराचा. पण पहिल्याचा सांधा एसच्या नंतर आहे, कारण तो एस दोन शब्द जोडण्यापुरता आलेला आहे आणि 'काम्प' म्हणजे सामना. दुसऱ्याचा सांधा एसच्या आधी, कारण तिथे 'स्काप' हा अख्खा प्रत्यय आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर दोन्ही ठिकाणी रेघ वेगवेगळ्या जागी पडते. इथल्या भाषावर्गात आमच्या शिक्षिका प्रत्येक लांब शब्दात पेन्सिलीने उभी रेघ मारायला लावत. रेघ मारल्याशिवाय वाचायला परवानगीच नसे.

ही नुसती व्याकरणाची हौस नाही, उच्चार त्यावर ठरतो. एस आणि के यांच्यापुढे आय आला की नॉर्वेजियन माणूस 'श' म्हणतो. मग 'राज्यचर्च' या अर्थाच्या शब्दात 'स्तात-शिर्के' म्हणायचे का? नाही, कारण एस आधीच्या 'स्तात्स'चा आणि चर्चचा शब्द त्याच्यानंतर, के पासून, सुरू होतो. (शिर्के मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. 2017 पासून चर्च शासनापासून कायद्याने वेगळेही झाले आहे.) मी काम करते ते 'स्यूकेयेम' आणि रुग्णालय 'स्यूकेहूस'. दोन्हींच्या मध्यावर एच लिहिलेला असतो. येम म्हणजे घर, त्याच्या आरंभीचा एच मुका. हूस म्हणजे इमारत, तिथला एच बोलका. कोणता एच बोलतो, ते दुसरा शब्द ओळखल्याशिवाय कळणार कसे? आणि प्रत्येक दारावर लिहिलेला 'इन्गाङ्', म्हणजे प्रवेश, हा तर माझा लाडका शब्द. एन आणि जी ही जोडी त्यात दोनदा येते. पहिल्यांदा मधून सांधा जातो, म्हणून 'न' आणि 'ग' वेगळे. दुसऱ्यांदा सांधा नाही, म्हणून तिथे आपला ङ, जो आपण बाराखडीच्या तक्त्याबाहेर जवळजवळ विसरलो आहोत.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. 'लोकसभा' आपण कधी 'लोकस-भा' असे वाचतो का? आणि लोकसभेवरून आठवले, नॉर्वेच्या 169 सदस्यांच्या संसदेला आपण 'स्टॉर्टिंग' छापता. 'स्तूर' म्हणजे मोठा आणि 'तिङ्' म्हणजे सभा. सांध्यावर र आणि त भेटतात आणि दोघे मिळून ट होतात: 'स्तूटिङे'. एकाच शब्दात पहिला त, दुसरा ट. इंग्रजी लिपीत हा भेद दाखवायला जागा नाही, देवनागरीत तो आयता मिळतो. मग आपण इंग्रजी समालोचकाच्या कानाने का लिहावे? मूल याला इथे चक्क 'बाण' म्हणतात, र आणि न मिळून ण. नातवंड म्हणजे 'बाणेबाण'. आमच्या आजीबाई भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून तो शब्द म्हणतात, तेव्हा ण अगदी आपल्याकडच्यासारखा खणखणीत असतो.

सगळ्या देशात मात्र असे बोलत नाहीत. बार्गेन आणि स्तावांगरकडे र घशातून येतो, त्यामुळे तिकडे हे ट आणि ण होत नाहीत. बोलीचा एकच सरकारमान्य नमुना नॉर्वेत नाहीच, जो तो आपापल्या गावचे बोलतो. म्हणून 'शुद्ध उच्चार' असा शिक्का मारून मी काही पाठवत नाही. सांधा मात्र कुठेही गेलात तरी त्याच जागी असतो.

इथली माणसे या सांध्याबद्दल फार हळवी आहेत. दुकानाच्या पाटीवर 'लाम्मेलोर' म्हणजे कोकराची मांडी जोडून न लिहिता तोडून लिहिली, तर वाचणारे हसतात, कारण 'लाम्मे लोर' म्हणजे लुळ्या मांड्या. जोडलेल्या शब्दात आघात पहिल्या भागावर पडतो, दुसरा भाग दबून येतो. तोडला की दोघेही मान वर काढतात. उलट 'बुस्तॉप' म्हणजे बसथांबा लिहिताना तीन एस एकत्र येतात, त्यातला एक गाळतात. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर गाळलेला एस परत लिहायचा, असा नियम आहे. मला हा नियम भारी आवडतो.

सूर मात्र देवनागरीत उतरणार नाही. 'शेतकरी' आणि 'घेवडे' यांचे अनेकवचनी शब्द पूर्व नॉर्वेत फक्त सुरावरून वेगळे कळतात. नॉर्वेजियन लिपीतही सूर लिहीत नाहीत, तेव्हा त्याची चिंता आपण करू नये.

स्पर्धेआधी पंचवीस-तीस नावांचा एक तक्ता उपसंपादकांच्या टेबलावर लावून ठेवावा, ही विनंती. प्रत्येक नावात सांध्यावर रेघ मारून, उच्चार देवनागरीत लिहून मी तो ईमेलने पाठवायला तयार आहे. कर्णधाराचे पहिले नावही त्यात येईल. इथे ते 'मार्टिन' नाही, 'माटिन' आहे.

आपली नियमित वाचक,
द्रामेन, नॉर्वे