बाबा, तुम्ही केलेल्या फोनबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागते आणि बाबा 'बरं, ठेवतो' म्हणतात, म्हणून लिहितेय. आईच्या डोळ्याला अजून ताण द्यायचा नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

१ तारखेपासून मी नोकरीवर नाही. बिनपगारी रजा नाही, राजीनामा दिलाय आणि तो मंजूर झालाय. घाईने केलेलं नाही हे. वर्षभराचं भाडं बाजूला काढलंय, पीएफला हात लावलेला नाही, तुमच्या दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरून टाकलाय. नाटक व्यावसायिक आहे, भूमिका दुसऱ्या नंबरची आहे, नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ठरलेली आहे. सहा वर्षं ऑफिस सुटल्यावर धावतपळत तालमीला पोचत होते. ना तिथे धड होते, ना इथे.

आता फोनचं. बाबा, तुम्ही माझ्या साहेबांशी बोललात, 'वर्षभर जागा ठेवा, ती येईल परत' म्हणालात, हे त्यांनी मला शेवटच्या दिवशी सांगितलं. आई, तुला ठाऊक नसेल तर आत्ता कळलं. बाबांवर चिडू नकोस. मी चिडले होते, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग परवा रात्री खोलीतल्या मुलींबरोबर एक जुना सिनेमा पाहिला.

'स्टेज डोअर' नाव. १९३७चा, ग्रेगरी ला कावाचा. न्यूयॉर्कमध्ये नाटकात काम शोधणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे टेरी नावाची श्रीमंताघरची मुलगी येते, ते काम कॅथरीन हेपबर्न या नटीचं. वडिलांना तिचं हे वेड पसंत नाही. ते वकिलामार्फत, तिला कळू न देता, एका निर्मात्याला पैसे पुरवतात. अट एकच, मुख्य भूमिका टेरीला द्यायची. त्यांना खात्री असते की पोरगी सपशेल पडेल आणि गुमान घरी येईल. तालमीत ती खरंच लाकडासारखी उभी असते. 'कॅला लिली पुन्हा फुलल्यात' हे एक वाक्य तिला काही केल्या जमत नाही.

त्या वाक्याची गोष्ट मला नंतर कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. हेपबर्न स्वतः १९३३ साली ब्रॉडवेवर 'द लेक' नावाच्या नाटकात वाईट पडली होती. हे वाक्य त्याच नाटकातलं. चार वर्षांनी तिने तेच कॅमेऱ्यासमोर म्हटलं, आधी वाईट आणि मग असं की आम्ही तिघी गप्प झालो. बाबा, तुम्हाला आवडेल ती. आवाज जरा चिरका आहे.

बाबा, ते वडील आणि तुम्ही एक नाही. त्यांना ती पडायला हवी होती. तुम्ही मला लागू नये म्हणून खाली गादी अंथरलीत. पण दोघांनीही आम्हाला विचारलं नाही, एवढंच. आणि १९८६ च्या स्पर्धेनंतर अण्णांनीही तुम्हाला विचारलं नव्हतं. हे मला आत्याने सांगितलं, तिला बोलू नका. कप अजून माळ्यावर आहे, मी गेल्या दिवाळीत पुसून ठेवला.

आई, त्या सिनेमात के नावाची एक मुलगी आहे. गुणी, आदल्या वर्षी नाव झालेलं, पण तेव्हापासून काम नाही. टेरीला मिळालेली भूमिका तिला हवी असते. ती नीट जेवतही नाही. पुढे तिचं जे होतं ते मी लिहीत नाही, आणि सिनेमा बघायचाच असेल तर मी आल्यावर माझ्याशेजारी बसून बघ. तू तिला बघून माझा विचार करशील, म्हणूनच सांगते: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळीभाजीचा डबा, रात्री आम्ही खोलीवर वरणभात लावतो. दौऱ्यावर बसमध्ये पुढची सीट मिळते, मला उलटी होते हे सगळ्यांना सांगून झालंय. तू दिलेली गोधडी उशाशी असते. मी एकटी नाही गं.

लहानपणी भावे नाट्यमंदिरात तिसरी घंटा झाली की बाबा माझ्या तोंडात खडीसाखर घालायचे, खोकून कुणाचं वाक्य मोडू नये म्हणून. दुसऱ्या अंकात मी तुझ्या मांडीवर झोपायचे. परत जाताना रिक्षात बाबा सगळ्यांचे संवाद म्हणून दाखवायचे, आठवतं? हे वेड मी बाहेरून आणलेलं नाही.

आता ऐका. बाबा, भडंग बंद म्हणजे बंद, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, 'विसरलो' चालणार नाही. गच्चीच्या जिन्यावर रात्री जायचं नाही. आईला महिनाभर चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, उभं करू नका. पोळ्यांना बाई लावा, पैसे मी पाठवलेत, परत पाठवलेत तर मी बोलणार नाही. आई, डोळ्यावरून पाणी घ्यायचं नाही, पदराने पुसायचा तर नाहीच.

साहेबांना मीच सांगितलं, जागा भरून टाका. तुमचा राग येऊन नाही, बाबा. ती रिकामी खुर्ची मला तालमीत दिसत राहिली असती.

पहिला प्रयोग पुढच्या महिन्यात आहे, तोवर आईचा डोळा बरा होईल. महालक्ष्मीची खालच्या बर्थची दोन तिकिटं काढतेय. कामाचं कारण सांगू नका, तुम्ही निवृत्त आहात. खडीसाखर आणा, नाट्यगृहात एसी फार असतो.

वाचून झालं असेल तर पत्र ठेवा आणि आईच्या डोळ्यात रात्रीचे थेंब घाला.

तुमची
चिमी