आवाज येतो, पण चित्र नाही

बेंगळूरु, १७ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "चार दिवस झाले, टीव्हीवर चित्रच नाही. आवाज येतो ना, मग रेडिओसारखं ऐकतो आम्ही." रात्री मला झोप लागली नाही. बाबा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? "तुला कामात कशाला त्रास" हे मला पटत नाही. दिवाळीत हा सगळा पसारा मी मांडून दिला, तेव्हा तो अडला की पहिला फोन मलाच यायला हवा.

आधी एक सांगते, टीव्ही गेलेला नाही. दुकानातला माणूस घरी न येताच "पॅनेल गेलं, नवीन घ्या" म्हणाला, ते मनातून काढून टाका. काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरं इकडून तिकडे फिरतात, असं आई म्हणाली ना? ती अक्षरं टीव्ही स्वतःच काढतो. पॅनेल गेलं असतं तर तीही दिसली नसती. आपल्यापर्यंत काही पोहोचत नाही, एवढंच टीव्ही सांगतोय.

सेट-टॉप बॉक्सची वायर होम थिएटरच्या काळ्या डब्यात जाते. त्या एकाच एचडीएमआय वायरमधून चित्र आणि आवाज दोन्ही येतात. डबा आवाज स्पीकरना देतो आणि चित्र दुसऱ्या वायरने टीव्हीकडे पाठवतो. तुम्हाला आवाज नीट येतोय, म्हणजे बॉक्स, पहिली वायर, स्पीकर सगळं ठीक आहे. अडलंय ते डबा आणि टीव्ही यांच्या मधेच कुठेतरी.

माझा संशय त्या दुसऱ्या वायरवर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गावभागातल्या आपल्या घरात पाणी शिरलं, आणि तेव्हापासून बाबांनी विजेची एकही वस्तू खाली ठेवू दिलेली नाही. म्हणून मी डबा कपाटावर चढवला. ते योग्यच होतं, पण तिथून टीव्हीपर्यंत ती जाड वायर लोंबकळत राहिली. एचडीएमआयच्या पिनेला ना स्क्रू असतो ना खटका, नुसती आत दाबून बसवलेली असते. वायरच्या वजनाने ती जराशी जरी ओढली गेली, तरी आतल्या १९ बारीक पिनांपैकी एखादी सुटते आणि चित्र जातं. वायर भिंतीला क्लिपा मारून बांधायला हवी होती. ते माझं राहून गेलं.

पण आधी सोपं ते करू. आई, टीव्हीच्या रिमोटवर सोर्सचं बटण दाब. एचडीएमआय १, २, ३ अशी यादी येईल. एकाच्या पुढे एआरसी लिहिलंय, आपली वायर तिथे आहे. ते निवडलंस की दहा सेकंद थांब, लगेच पुढे जाऊ नकोस.

नाही आलं तर तिन्ही वस्तू भिंतीवरच्या बटणांनी बंद करा आणि चहा पिऊन होईपर्यंत तशाच राहू द्या. मग आधी टीव्ही, नंतर डबा, शेवटी सेट-टॉप बॉक्स. हाच क्रम ठेवा. बॉक्स चित्र सोडण्याआधी पुढच्या यंत्राला विचारून घेतो की तू कोण, तुला कुठलं चित्र चालतं, नक्कल करायला तर बसला नाहीस ना. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात लाइट जाऊन आली, तेव्हा तिन्ही एकदम सुरू झाली असणार आणि ही विचारपूस अर्धवट राहिली असेल, असंही होतं.

त्यानेही झालं नाही तरच वायरला हात लावायचा. आणि बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला बोलवा. सगळी बटणं बंद करून दोन्ही टोकं बाहेर काढायची आणि सरळ आत दाबायची. डब्याकडचं टोक जिथे 'आऊट' लिहिलंय तिथेच जायला हवं.

एवढं करूनही चित्र नाहीच आलं, तर त्यालाच बॉक्स खाली घेऊन त्याची वायर थेट टीव्हीत लावायला सांगा. आवाज टीव्हीतूनच येईल, थोडा बारीक येईल, पण निदान दिसेल. मग दोष दुसऱ्या वायरचा किंवा डब्याचा, हेही कळेल. पुढच्या शनिवारी मी नवीन वायर आणि क्लिपा घेऊन येतेय. तोवर डब्याला कुणी हात लावू नका, पाठीमागचं मी बघते.

काय झालं ते आज रात्रीच फोन करून सांगा, कितीही वाजले तरी.

तुमची,
मनी

ता. क. आई, रिमोटवरचं ते प्लॅस्टिक काढ बाई आता. पिवळं पडलंय, आणि सोर्सचं बटण त्याच्या घडीखाली गेलंय. उजव्या कोपऱ्यात, लाल बटणाच्या शेजारी बघ.