बॅच जॉबचे शिक्षण 'सबमिट'पाशी थांबू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पुरवणीत मेनफ्रेम, म्हणजे बँका-विमा कंपन्यांची प्रचंड कामे सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांवरील नोकऱ्यांची माहिती देणारा लेख वाचला. हा पर्याय महाराष्ट्रातील मुलामुलींसमोर मराठीतून ठेवल्याबद्दल मी आपली आभारी आहे. मात्र कमांड लाइनवरून जॉब सबमिट करणे हे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाकण्याजोगे काम असल्यासारखे त्या लेखात एका ओळीत येऊन गेले. पुण्यात राहून सव्वीस वर्षे मी हे काम केले आणि त्यानंतर काही वर्षे नव्या उमेदवारांना ते शिकवले. त्या एका ओळीत किती जोखीम दडलेली असते हे मी जवळून पाहिलेले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगते. बँकेतील लाखो खात्यांवरचे व्याज, विमा हप्त्यांच्या नोटिसा, पगारपत्रके ही कामे कोणी पडद्यासमोर बसून एकेक करीत नाही. कोणता प्रोग्राम कोणत्या क्रमाने चालवायचा, त्याला कोणती फाइल द्यायची आणि निघालेली फाइल कुठे ठेवायची, हे सगळे आधी लिहून संगणकाच्या हवाली करतात आणि संगणक ते आपल्या सवडीने पार पाडतो. अशा एका कामाला जॉब, या एकगठ्ठा पद्धतीला बॅच आणि या लिखाणाच्या भाषेला जेसीएल (जॉब कंट्रोल लँग्वेज) म्हणतात. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तिच्या कार्यप्रणालीबरोबर ही भाषा आली आणि तिचा साचा आजही तोच आहे. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, सुरुवातीला दोन तिरप्या रेघा, आणि सूचना ७१व्या रकान्याच्या आत संपलेली. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डात जेवढे मावत असे तेवढेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा तिथले संशोधकही आपले काम अशाच कार्डांच्या गठ्ठ्यातून देत असत. तो संगणक दुसऱ्या कंपनीचा होता, पण काम देऊन निकालाची वाट पाहायची रीत हीच होती.

आता कार्डे गेली आहेत. टीएसओ या मेनफ्रेमवर कमांड देण्याच्या सोयीच्या पडद्यावर 'सबमिट' असे लिहून पुढे जेसीएल ठेवलेल्या डेटासेटचे, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलचे, नाव द्यायचे आणि एंटर दाबायचे, की क्षणार्धात जॉबचे नाव, त्याला मिळालेला क्रमांक आणि 'सबमिटेड' हा शब्द पडद्यावर उमटतो. नवशिक्याला इथे काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी जेसीएलच्या ओळी जॉब स्वीकारून रांगेत लावणाऱ्या जेस नावाच्या व्यवस्थेच्या दारात पोहोचलेल्या असतात, इतकेच. त्या दाराला आजही 'इंटरनल रीडर' म्हणतात, कारण पूर्वी तिथे खरोखरच कार्ड वाचणारे यंत्र असे. ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रासाठी साठच्या दशकात लिहिलेल्या हास्प या प्रणालीतून जेसची जेस-२ ही आवृत्ती घडली, आणि तिच्या संदेशांच्या क्रमांकांत 'हास्प' हा शब्द अजून टिकून आहे. जेस आधी लिखाण तपासते, मग जॉब त्याच्या वर्गाच्या रांगेत उभा करते. त्या वर्गाचा इनिशिएटर, म्हणजे जॉब चालवणारी जागा, मोकळा झाला की जॉब चालू होतो, आणि त्याने जे काही छापले असेल ते स्पूलवर, म्हणजे आउटपुट तात्पुरते साठवण्याच्या जागेत, जमा होते. लिखाणात चूक असेल तर जॉब सुरूच होत नाही, आणि रांग मोठी असेल तर तासभरही थांबतो. पडद्यावरचा 'सबमिटेड' शब्द मात्र या सगळ्यांत सारखाच असतो.

कमांड टाइप करतानाच्या काही बारकाव्यांनी अनेकांना अडचणीत आणलेले मी पाहिले आहे. डेटासेटचे नाव एकेरी अवतरणचिन्हात दिले नाही, तर टीएसओ त्याच्याआधी वापरकर्त्याचा स्वतःचा प्रीफिक्स, म्हणजे सहसा त्याचा आयडी, जोडते. मग विभागाच्या अधिकृत लायब्ररीऐवजी (जेसीएल ठेवण्याच्या संचाऐवजी) आपल्या खासगी लायब्ररीतली, तीन महिन्यांपूर्वी प्रयोगासाठी करून ठेवलेली प्रत बिनतक्रार रवाना होते. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरील साधनाच्या एडिटरमध्ये नुसते 'सब' लिहिले तर पडद्यावर आहे तो मजकूर जातो, मग तो सेव्ह केलेला असो वा नसो. एखाद्याने घाईत तारीख बदलून जॉब सोडला आणि नंतर एडिटरमधून कॅन्सल करून बाहेर पडला, तर त्या रात्री नेमके काय चालले याचा पुरावा लायब्ररीत उरत नाही. तो फक्त स्पूलवर असतो, आणि स्पूल काही दिवसांनी रिकामे करतात. जॉब कार्डावर, म्हणजे जेसीएलच्या पहिल्या ओळीत, 'टाइपरन=स्कॅन' लिहून आधी नुसती भाषेची तपासणी करता येते. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, परंतु त्या तपासणीत फाइल अस्तित्वात आहे की नाही, किंवा डिस्कवर जागा पुरेल की नाही, हे कळत नाही.

सन २००३च्या सुमारास एका परदेशी विमा कंपनीचे काम आमच्याकडे होते. एका सकाळी मी हप्त्यांच्या जमा नोंदी गोळा करणारा जॉब सबमिट केला आणि त्याच क्षणी लाइन तुटली. परत लॉगऑन करून मी एसडीएसएफ या जॉबांची यादी दाखवणाऱ्या साधनात पाहिले, तर यादीत तो जॉब दिसेना. माझ्या यादीला माझ्याच आयडीने सुरू होणाऱ्या जॉबांचा फिल्टर लागलेला होता आणि या जॉबचे नाव वेगळ्या अक्षरांनी सुरू होत होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. जॉब गेलाच नाही असे समजून मी तो पुन्हा सबमिट केला. एकाच नावाचे दोन जॉब जेस-२ सहसा एका वेळी चालू देत नाही. त्यामुळे दुसरी प्रत पहिली संपेपर्यंत शांतपणे रांगेत थांबली आणि मग तीही चालली. त्यातली एक पायरी 'मॉड' पद्धतीने जुन्या फाइलच्या शेवटी नव्या नोंदी जोडणारी होती, म्हणून प्रत्येक हप्ता दोनदा जमा झाला. दोन्ही जॉबांचा रिटर्न कोड, म्हणजे शेवटी मिळणारा निकालाचा आकडा, शून्य होता.

ती चूक माझ्या वरिष्ठांनी पकडली. पुढची फाइल पाठवण्याआधी एकूण रकमेची बेरीज आदल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहण्याचा त्यांचा शिरस्ता होता, आणि आकडा दुपटीजवळ गेलेला पाहताच त्यांनी काम थांबवले. मला ते रागाने एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी एक वही माझ्या हातात दिली आणि सांगितले की सबमिट केल्यावर पडद्यावर आलेला जॉब क्रमांक वेळेसह इथे लिहायचा, आणि त्या क्रमांकापुढे निकाल लिहिल्याशिवाय दुसरा जॉब सोडायचा नाही. पुढे मी शिकवलेल्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी मी अशी एकेक वही दिली.

'रिटर्न कोड शून्य म्हणजे सगळे ठीक' हे वाक्य प्रशिक्षणवर्गात सर्रास ऐकू येते, म्हणून त्याबद्दल लिहिणे भाग आहे. शून्य, चार, आठ, बारा, सोळा हे आकडे प्रोग्राम आपल्या समजुतीप्रमाणे सांगतो. इनपुट फाइल रिकामी आली तरी अनेक प्रोग्राम शून्यच देतात. उलट प्रोग्राम मधेच कोलमडला तर अ‍ॅबेंड कोड येतो आणि तो नेमके बोलतो. एस-शून्य-सी-सात आला तर अंकांच्या जागी दुसरेच काही आलेले असते, एस-आठशे-सहा म्हणजे प्रोग्रामच सापडला नाही, एस-तीनशे-बावीस म्हणजे ठरवून दिलेला वेळ संपला, बी-सदतीस म्हणजे फाइलला जागा पुरली नाही. अ‍ॅबेंड झालेला जॉब निदान कोणाला तरी झोपेतून उठवतो. शून्य देऊन चुकीचे काम करणाऱ्या जॉबकडे कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच मला त्याची अधिक धास्ती वाटते.

अर्ध्यात पडलेला जॉब पुन्हा कसा सुरू करायचा, हा तर स्वतंत्र महिनाभर शिकवण्याचा विषय आहे. पहिल्या पायरीपासून सोडावा, तर आधीच तयार झालेली फाइल त्याच नावाने परत करता येत नाही. पडलेल्या पायरीपासून रीस्टार्ट करावा, तर पिढ्यांच्या फाइलींचे, म्हणजे एकाच नावाने क्रमाने बनणाऱ्या आवृत्त्यांचे, अधिक-एक, शून्य हे सापेक्ष आकडे आता वेगळ्या फाइलीकडे बोट दाखवतात. शिवाय जेसीएलमध्ये पायरीची अट लिहिण्याच्या 'कंड' या शब्दाचा अर्थ उलटा असतो. तिथली अट खरी ठरली की ती पायरी चालत नाही, वगळली जाते. वर्षानुवर्षे काम केलेली माणसेही ही अट कागदावर मांडून पाहतात, आणि तसेच करावे.

बॅचच्या रांगेतला घोटाळा केवढा होऊ शकतो ते जून २०१२मध्ये ब्रिटनने पाहिले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाने जॉबांचा क्रम सांभाळणाऱ्या शेड्युलर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. ती नीट चालत नाही असे दिसल्यावर, परिणामांची चाचणी न घेताच ती काढून टाकली. रात्रीचे जॉब अडले आणि रॉयल बँक, नॅटवेस्ट व अल्स्टर बँकेच्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार विस्कळीत झाले. लोकांना खात्यातली शिल्लक कळेना, पगार वेळेवर जमा होईनात. नोव्हेंबर २०१४मध्ये तिथल्या दोन नियामक संस्थांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

या कामाशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. तिथली रात्रीची बॅच म्हणजे हिंजवडीतल्या मुलांची सकाळची पाळी. तिथल्या ग्राहकाचे व्याज किंवा पगार बिनचूक पोहोचावा म्हणून आपल्या गावाखेड्यांतून आलेली मुले पडद्यासमोर बसलेली असतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर थेट चालू यंत्रणेवर जॉब सोडण्याची मुभा दिली जाते. दोष त्यांचा नाही. त्यांना सबमिट करायला शिकवलेले असते, स्पूलवरची पाने वाचायला शिकवलेले नसते.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे की प्रात्यक्षिक परीक्षेत चालणारा जॉब मागू नये. न चालणारा जॉब हातात द्यावा, आणि विद्यार्थ्याने लॉग वाचून तो का पडला, कोणत्या फाइली तयार झाल्या, कोणत्या काढाव्या लागतील आणि कोणत्या पायरीपासून तो पुन्हा सोडता येईल, हे लिहून द्यावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या उपक्रमात विद्यार्थ्याला खऱ्या झेड-ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर विनामूल्य जॉब पाठवता येतात. हर्क्युलिस नावाचे मुक्त सॉफ्टवेअर घेतले तर साध्या लॅपटॉपवर एमव्हीएस या मेनफ्रेम कार्यप्रणालीची जुनी आवृत्ती चालते, आणि जेसीएल, जेस-२, अ‍ॅबेंड हे सारे तिच्यावर गिरवता येते. झोवे हे साधन वापरून आता साध्या संगणकाच्या कमांड लाइनवरूनही जॉब सोडता येतो. त्यात आउटपुट येईपर्यंत थांबण्याचा पर्याय आहे, आणि नव्या मुलांनी तो पर्याय देऊनच सुरुवात करावी असे मला वाटते.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. या विषयावरचा पुढचा लेख एका पडलेल्या जॉबच्या लॉगवर असावा. त्यातली प्रत्येक ओळ काय सांगते ते मराठीत उलगडून दाखवावे. असा लॉग, ग्राहकाची कोणतीही माहिती नसलेला, हर्क्युलिसवर मुद्दाम तयार करून देण्यास आणि त्याचे स्पष्टीकरण लिहिण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मेनफ्रेम कर्मचारी, पुणे