आधी तालुक्याची लीग, मग नागपूरचा संघ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरला फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा संघ मिळावा, असं आमच्या देवळी तालुक्यातली पोरंही आता बोलू लागली आहेत. मी कापूस-तुरीचा शेतकरी. वेचणी उरकत आली की दरवर्षी जानेवारीत गावात फुटबॉलची स्पर्धा भरवतो, त्याला अकरा वर्षं झाली. विदर्भाच्या नावाचा संघ टीव्हीवर दिसला तर माझ्याइतका आनंद क्वचितच कुणाला होईल. पण संघ कशावर चालतो हे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

साधा हिशेब मांडून पाहा. घरच्या मैदानावर हंगामात बारा सामने झाले, प्रत्येकाला पंधरा हजार लोक आले आणि तिकीट सरासरी 200 रुपये धरलं, तर साडेतीन कोटींच्या थोडं वर रक्कम जमते. या लीगमध्ये खेळाडूंच्या मानधनाची मर्यादाच काही हंगाम साडेसोळा कोटी होती. त्यावर प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेलं, स्टेडियमचं भाडं आणि गवत. उरलेला खड्डा जाहिरातदार, प्रक्षेपणाचा वाटा आणि मालकाचा खिसा यांनी भरायचा. मालकाचा खिसा आटला की संघ उठतो.

हे आपल्या राज्यात घडून गेलं आहे. पुण्यासारख्या उद्योगांच्या शहरात पुणे एफसी होता, भारत एफसी एक हंगाम खेळला आणि 2014 मध्ये एफसी पुणे सिटी आला. आज त्यातला एकही नाही. पुणे सिटीच्या जागी 2019 मध्ये हैदराबादला संघ मिळाला, तो 2021-22 ला विजेता झाला, आणि 2025 मध्ये तोही दिल्लीला गेला. विजेतेपद मिळूनही शहराला संघ राखता आला नाही. 2025 च्या पावसाळ्यात तर लीग चालवण्याच्या व्यावसायिक हक्कांचा करारच संपत आल्यामुळे लीग अडकली आणि बेंगळुरूसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले.

अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. तिथल्या मेजर लीग सॉकरमध्ये 2007 ला आलेल्या कॅनडातल्या टोरांटोने एक कोटी डॉलर प्रवेश-फी भरली होती, 2025 ला उतरलेल्या सॅन दिएगोने पन्नास कोटी. ही रक्कम जुन्या मालकांकडे जाते, म्हणून नवं शहर त्यांना हवंसं वाटतं. त्याच लीगने सुरुवातीच्या काळात फ्लोरिडातले दोन्ही संघ एकदम बंद केले होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता कोल्हापूर बघा. तिथे सुपर लीगचा संघ नाही. तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जागा मिळत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तिथला संघ पेठेचा आहे, तो कोण कुठे हलवणार?

आपल्याकडेही उदाहरण आहे, फक्त क्रिकेटचं. 2010 मध्ये डेक्कन चार्जर्सचे आयपीएल सामने नागपूरजवळच्या जामठ्याला झाले, आम्ही चौघे जण उधारीची जीप करून गेलो होतो. संघ हैदराबादचा, दोन वर्षांत तो संघच संपला. विदर्भाने मात्र आयपीएलचा संघ नसताना तीनदा रणजी जिंकली. खापरखेड्याजवळच्या वलनीसारख्या गावातून उमेश यादव वर आला, कारण खालपासून वरपर्यंत खेळायला स्पर्धा होत्या.

फुटबॉललाही तशी वाट आहे. आय-लीग ही सुपर लीगच्या खालच्या पायरीची स्पर्धा जिंकून पंजाब एफसी 2023 ला आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग 2024 ला सुपर लीगमध्ये गेले, फ्रँचायझीची फी न भरता. कामठीत पिढ्यानपिढ्या फुटबॉल खेळला जातो, नागपुरात विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना खेळवलं. या मातीतला क्लब पायरी पायरीने वर का जाऊ नये?

आणि आम्हा गावकऱ्यांचं काय? सुपर लीगचे बरेच सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. वर्ध्याहून आमच्या गावाची शेवटची एसटी त्याच सुमारास निघून जाते. आम्ही टीव्हीपुढचेच प्रेक्षक राहणार. आमची स्पर्धा चार वाजता सुरू होते, आजूबाजूच्या सात-आठ गावांतून लोक बैलगाडीनं, मोटारसायकलवर येतात. बक्षीस, चुना, जाळ्या, पंचांचं मानधन आणि जेवण धरून गेल्या वर्षी 48 हजार खर्च आला. जिनिंगवाल्यांची आणि कृषी केंद्रांची वर्गणी, बाकी आलुबोंडा-चहाच्या दुकानांकडून जागेचे पैसे. तूट पडली चार हजारांची, ती आम्ही पाच जणांनी वाटून घेतली.

अशा पन्नास गावांना एक सपाट मैदान, दोन प्रशिक्षित पंच आणि जिल्ह्यापर्यंत खेळायला सलग तीन महिन्यांची लीग मिळाली, तर त्याचा खर्च सुपर लीगच्या एका परदेशी खेळाडूच्या मानधनाच्या आसपास जाईल, असा माझा अंदाज आहे. सरकारी पैसा नागपूरच्या स्टेडियमवर ओतायचा ठरलाच, तर त्याआधी त्यातला ठरलेला वाटा तालुक्यांसाठी लिहून घ्या, अशी लोकप्रतिनिधींना विनंती आहे.

आमच्या गावचा एक डाव्या पायाचा पोरगा दोन वर्षांपूर्वी निवड चाचणीसाठी नागपूरला गेला. पहाटेच्या एसटीनं. चाचणी दुसऱ्या दिवशी ढकलली, असं तिथे गेल्यावर कळलं. मुक्कामाला पैसे नव्हते, तो संध्याकाळी परत आला. आता तो जिनिंगवर हमाली करतो. जानेवारीत मात्र सुटी काढून आमच्या स्पर्धेत खेळतो, आणि त्याचा फ्री-किक बघायला लोक अजूनही बांधावर उभे राहतात.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. देवळी, जि. वर्धा